खेमराजकाका हातांवर बसले तेव्हा

आमच्या गल्लीतल्या कुणाचाही आवाज मागा, काढून दाखवते. मुनीमजी शिंकायच्या आधी तीनदा "आली, आली, आली" म्हणतात आणि मग ती येतच नाही. दुलीचंद पानवाला गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो, बायकोशी मराठीत, आणि भांडायला लागला की दोन्हींत. माझ्या आईचं "हौ का" सात तऱ्हांचं आहे, त्यातल्या दोन तऱ्हा धोक्याच्या. पण खेमराजकाकांचा आवाज काढ म्हटलं की माझी पंचाईत व्हायची. काढणार काय? त्यांची नक्कल करायची तर तोंड मिटायचं आणि हात वर करायचे.

याला कारण राईस मिल. आमचं घर मिलच्या फाटकासमोर. आत धान कांडायचा हालर सुरू झाला की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त बिडीचा वास कळायचा, शब्द नाही. म्हणून मिलमधली माणसं हातांनी बोलायची. मूठ वर केली की पट्टा थांबव. पालथा पंजा हळूहळू खाली नेला की धान कमी सोड. अंगठा बोटावर चोळला की दाणा तुटतो आहे, कणी पडते आहे. ही झाली कामाची भाषा. त्याशिवाय बिनकामाचीही होतीच. नाकाचा शेंडा धरला की मुनीमजी येऊन राह्यले. दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींत अडकवल्या की याचं आज घरी भांडण झालं. खेमराजकाकांना हालरवर बारा वर्षं झाली होती. एक हमाल म्हणायचा, "खेमराजभाऊनं दुरून शिवी देल्ली न, तर कानाले नाही लागत, सिद्धी डोळ्यात जाते."

ते मूळचे तिरोडीचे. वडील मँगनीजच्या खाणीत होते. वडील गेले तेव्हा काका सतरा वर्षांचे होते आणि तिथं मागे कुणी उरलं नाही, म्हणून बालाघाटला आले. लग्न झालं ते रामपायलीच्या रुखमाकाकूंशी. रुखमाकाकू दोघांच्या वाटचं बोलायच्या. विहिरीवर घागर भरेपर्यंत त्या अख्ख्या वॉर्डाची बातमी सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि काका मागून दोरी धरून येत, हसत. चौसष्ट साली तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत काकू गेल्या. आनंदी तेव्हा दोन वर्षांची होती.

मिलच्या आवारात, बायलरच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत मग बाप आणि लेक राहू लागले. बायलरमध्ये रात्रंदिवस भुसा जळायचा. दोरीवर पांढरं लुगडं वाळत घातलं तर संध्याकाळी ते राखी रंगाचं घरात यायचं. सकाळचा भोंगा झाला की काका आनंदीला आमच्या ओट्यावर आणून सोडत, आईकडे बघून मान हलवत, आणि जात. संध्याकाळी येऊन पुन्हा मान हलवत. एवढंच.

लेकीशी मात्र ते बोलायचे. म्हणजे हातांनी. पंजा पोटावर: भूक लागली? तळहात गालाखाली: झोप आली? मूठ वर: पुरे! आनंदीला सगळं येत होतं. आई तिच्या ताटात भात वाढायला लागली की ती इवलीशी मूठ वर करायची, हालर थांबवल्यासारखी, आणि आई हसून डाव मागे घ्यायची. "काय शहाणी पोट्टी हाय बाप्पा," आई म्हणायची. "बापाले एक शबुद खर्च करावा लागत नाही." सगळा वॉर्ड हेच म्हणायचा. ती फारशी बोलत नव्हती, पण बापही कुठं बोलत होता? झाडाला पानं त्याच झाडाची येतात, असं म्हणून लोक मोकळे झाले.

मला एक गोष्ट खटकली होती, पण तिचा अर्थ मला लावता आला नाही. दुपारी मी ओट्यावर पोरांना आवाज काढून दाखवायची. कुल्फीवाला, स्टेशनमास्तर, मुनीमजींची न आलेली शिंक. पोरं हसून फुटायची. आनंदीही हसायची, पण थोडी उशिरा. आधी इकडेतिकडे बघायची, सगळ्यांची तोंडं उघडलेली दिसली की मग आपलं उघडायची. मला राग यायचा. वाटायचं, हिला माझी नक्कल आवडत नाही, ही उगाच उपकार करते आहे.

सहासष्टच्या संक्रांतीनंतर काकांच्या सासूबाई आल्या, रामपायलीच्या सत्यभामाबाई. यांचा आवाज काढायला सोपा. नाकातून सुरू करायचा, "बा"वर लांबवायचा आणि शेवटी एकदम खाली सोडायचा, विहिरीत बादली सोडल्यासारखा. त्या गल्लीच्या टोकाला रिक्षातून उतरल्या तेव्हाच आम्हाला कळलं. आनंदी ओट्यावर पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती.

"आनंदीऽऽ बाई! आजी आली वो!"

आनंदीनं चिंचोका मांडला.

"आनंदीऽ!"

दुसरा चिंचोका मांडला.

सत्यभामाबाई अगदी मागे येऊन उभ्या राहिल्या. तिळाच्या लाडवांचा डबा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी ओट्याच्या दगडावर आपटला. आई आतून धावत आली, मी दचकले, समोरच्या दुलीचंदानं मान वर केली. आनंदी थोडीशी हलली, जसं आपण कुणी खांद्याला हात लावला तर हलतो, तसं. मग तिला आजीचं लुगडं दिसलं आणि ती आनंदानं उठून बिलगली.

सत्यभामाबाईंनी तिला उचललं नाही. त्या आईकडे बघत होत्या. "ही कधीपासून अशी हाय?"

आई म्हणाली, "कशी?"

संध्याकाळी काका आले तेव्हा अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "माझी रुखमा बोलून बोलून घर भरत होती, जवाई! तिच्या पोरीले तुमी मुकी करून टाकलं! घरात शब्द नाही, हाक नाही, अंगाई नाही, अन् हे असे हात नाचवता! लेकरू बोलन कसं? भिंती शिकवतीन का?"

काका उभे होते. हात खाली.

"बोला ना! आता तरी बोला!"

काकांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "मामी, ऐकते ती. माह्यं सगळं ऐकते."

"मंग हाक मारा तिले. मागून."

काकांनी हाक मारली. त्यांचा आवाज मुळातच लहान होता, आणि त्या दिवशी आणखी लहान झाला होता. आनंदी लाडू खात होती. खातच राहिली.

सत्यभामाबाई नंतर रडल्या, पण आधी निकाल देऊन. होळी झाली की आनंदी रामपायलीला जाईल आणि कायमची तिथंच राहील. तिथं चार मामेभावंडं आहेत, अंगण आहे, माणसं बोलतात. "इथं ठेवली तर पुरी मुकी होईन. मी एक पोरगी देल्ली या घराले, दुसरी नाही देत."

रात्री त्यांनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि आनंदीच्या दोन्ही कानांत सोडलं. आठ दिवस सोडलं. काही फरक पडला नाही. फक्त आनंदीच्या उशीला फोडणीचा वास येऊ लागला.

काका त्या आठवड्यात आमच्या ओट्याच्या कडेला येऊन बसायचे. एकदा आईला म्हणाले, "वहिनी, खरंच माह्यामुळे झालं का?" आईनं तिच्या सात "हौ का"मधलं एकही काढलं नाही. म्हणाली, "गुरवारी गोंदियाहून कानाचे डॉक्टर येतात म्हणे. दाखवून तर या." मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी येते संगं. तुमी तिथं काय सांगसान, हात हलवून?"

म्हणून गुरुवारी आम्ही पाचजण गेलो. काका, कडेवर आनंदी, आई, सत्यभामाबाई आणि शाळा बुडवून मी.

डॉक्टर सान्याल बंगाली होते. धर्मशाळेच्या मागच्या खोलीत बसायचे. कपाळावर गोल आरसा, समोर पेटीसारखा दिवा, आणि हिंदी अशी की ऐकताना माझी जीभ शिवशिवत होती. "बोच्ची को इधर लाओ. कान में तेल डाला?" आरशातून एकदाच बघून त्यांनी विचारलं. सत्यभामाबाईंनी मान ताठ केली. "डाला. लहसुन का."

"कान है कि कोढ़ाई है?"

मी ओढणी तोंडात कोंबली.

कान पुसून झाले. मग त्यांनी काकांना आनंदीच्या समोरच्या बाकावर बसवलं, म्हणजे पोर घाबरायला नको, आणि स्वतः तिच्या मागे गेले. टेबलावर एक डबी, एक चमचा, एक लाकडी बाहुली होती. मागून हळू आवाजात म्हणाले, "गुड़िया उठाओ." आनंदीनं बाहुली उचलली. सत्यभामाबाईंनी श्वास घेतला. "चोम्मच उठाओ." चमचा उचलला. "डिब्बा." डबीही उचलली.

मला एवढा आनंद झाला की मी आईचा हात दाबला. पण डॉक्टरांचे डोळे आनंदीवर नव्हतेच. ते काकांकडे बघत होते. काकांचा उजवा हात मांडीपासून जेमतेम वीतभर वर उचललेला होता, आणि दोन बोटं अजून डबीचा आकार करून थांबली होती.

"ए भाई. तुम बात कोरता है कि ट्रॉफिक चोलाता है?"

काका गोंधळले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. बारा वर्षं त्या हातांनी त्यांना न विचारता काम केलं होतं. त्यांनी हात खाली ठेवला. डॉक्टर पुन्हा मागे गेले, पुन्हा हळूच बोलले, आणि हात पुन्हा वर आला. काकांनी तो दुसऱ्या हातानं धरला, तर दुसऱ्याची बोटं हलली.

"हाथ के ऊपर बैठो," डॉक्टर म्हणाले. "दोनों."

काका दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बाकावर बसले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे दिसत होते. मला हसू यायला हवं होतं.

"गुड़िया उठाओ."

आनंदी बापाकडे बघत होती.

"गुड़िया." जरा मोठ्यानं. "गुड़िया उठाओ, बोच्ची."

ती बापाकडे बघतच होती. हसली. मग वाट बघू लागली. बाबा आज काही सांगत का नाहीत, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. तिनं आपला पंजा पोटावर ठेवून त्यांना विचारलं, भूक लागली? काकांचे खांदे हलले, पण हात त्यांनी वर येऊ दिले नाहीत.  त्या खोलीत आनंदी किती लांब कुठंतरी बसली आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. आणि ती तिथं एकटी बसलेली असताना काका तिच्याजवळ जायचा एकच रस्ता ओळखत होते, आणि तो रस्ता आज ते मांडीखाली दाबून बसले होते.

डॉक्टरांनी मग समजावलं. पोर मुकी नाही, बहिरीही झालेली नाही. कानाच्या पडद्यामागे एक लहानशी खोली असते. तिथून एक नळी नाकाच्या मागे उतरते आणि खोलीत हवा पोचवते. पोरांची नळी बारीक असते. सारखी सर्दी झाली, नाकातल्या गाठी सुजल्या, की ती बुजते. खोलीत हवा जात नाही आणि चिकट पाणी साचतं. "तोबला देखा है? तोबले में पानी भोर के बोजाओ. बोजेगा?" दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. आणि तेल पडद्याच्या बाहेर राहतं, पाणी आत. "दादीमाँ, पानी घोर के अंदर, आप दोरवाजे पर तेल लोगाता है."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "मंग मुकी कायनं झाली?"

"जो सुनेगा नहीं, वो बोलेगा क्या?" डॉक्टर म्हणाले. मग काकांकडे वळून सावकाश म्हणाले, "तुमने नहीं किया. तुम्हारा हाथ ने सिर्फ छुपाया. घोर में दूसरा कोई होता, छह महीना पहले पता चोलता."

काका अजून हातांवरच बसले होते. उठायला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी एक रबरी फुगा काढला. त्याची नळी आनंदीच्या एका नाकपुडीत लावली, दुसरी बोटानं बंद केली आणि आईला सांगितलं, घोटभर पाणी पाजा. ती गिळायला आणि त्यांनी फुगा दाबायला एकच गाठ पडली. आनंदी दचकली. डोळे मोठे झाले. दुसऱ्यांदा तसंच. बाहेर रस्त्यावर टांगा चालला होता, घोड्याच्या गळ्यात घुंगरं होती. आनंदीनं मान खिडकीकडे वळवली.

कुणीही तिला दाखवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती भोंग्याला घाबरून रडली. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून पुन्हा पुन्हा मोडून बघत बसली. काका तिच्यासमोर उकिडवे बसून "आनंदी" म्हणाले, आणि ती म्हणाली, "आं?" एवढंच. काका आमच्या ओट्यावरून उठेनात. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, हे टिकणार नाही, नळी पुन्हा बुजेल. शनिवारी सकाळी काकांनी मागून हाक मारली आणि ती चिंचोके मांडतच राहिली. काका म्हणाले, "गेली." जसं कुणी स्टेशनवर गाडी गेल्यावर म्हणतं.

औषध असं फार नव्हतंच. नाकात घालायचे थेंब दिले होते. बाकी वाट बघायची. तीन महिने. बहुतेक पोरांचं पाणी आपोआप सुकतं. नाही सुकलं तर नागपूरला पडद्याला बारीक चीर देऊन काढतात, पण घाई नको. तोपर्यंत कानात तेल नाही, काडी नाही. बोलायचं तर जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांसमोर बसून, आधी नाव घेऊन, मग थोडकं आणि स्पष्ट. ओरडायचं नाही. आणि धूर नको, भुशाची धूळ नको, सर्दी जपायची. इथं डॉक्टरांनी विचारलं होतं, "किधर रोहता है?"

"मिल में."

"बॉयलर से कितना दूर?"

काकांनी तळहातावर तळहात ठेवला. मग आठवण होऊन तोंडानं म्हणाले, "दीवार से दीवार."

डॉक्टर म्हणाले, "उधर नहीं रोखना." सत्यभामाबाईंनी आनंदीला उचलून कडेवर घेतलं.

म्हणून होळीनंतर काकांनी आनंदीला स्वतःच रामपायलीला पोचवलं. पण निघताना आमच्या ओट्यावर उभं राहून सासूबाईंना त्यांनी एक लांब वाक्य ऐकवलं, त्यांच्या हिशेबानं लांब: "तीन महिने, मामी. कान मोकळा झाला की मी घिऊन जाईन. मले तिच्याशिवाय कोणी नाही."

"मले कोण हाय?" सत्यभामाबाई म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "बरं. तीन महिने. शबुद देते."

ते तीन महिने मी काकांना बघत होते. भोंगा झाला की ते खोलीतून निघत, आणि आमच्या ओट्यापाशी क्षणभर थांबत, कडेवर कुणी नसताना. बिडी त्यांनी सोडली, आता खोलीत लेकरू नाही, ओढली तर काय बिघडलं, असं आई म्हणाली, तर म्हणाले, "वास भिंतीत राह्यते." संध्याकाळी ते मिलमधून येऊन आमच्याकडे बोलायचा सराव करायचे. खरंच. आईसमोर बसत, हात मांडीवर घट्ट धरत आणि म्हणत, "वहिनी. आज. धान. वारासिवनीचं आलतं." आई म्हणायची, "हौ का." पुढचा शब्द येईपर्यंत तिचं अर्धं सूप निवडून व्हायचं. मी आत बसून ते सगळं तोंडपाठ करत होते. त्यांचा आवाज आता मला काढता येऊ लागला होता. घोगरा, शब्दाशब्दाला पाय चाचपत येणारा. मी तो कुणाला काढून दाखवला नाही.

रविवारी ते सायकलवर रामपायलीला जात, पहाटे निघून रात्री परत. सोमवारी आई विचारायची, "कशी हाय?" ते सांगत, "समोरून कळते. मागून नाही." पुढच्या सोमवारी तेच. मग एकदा, "जवळून हाक मारली, वळली." आई जेवायला बसवू लागली, तर थांबले नाहीत, दुलीचंदाला सांगायला गेले. दुलीचंदानं न मागता पान लावून दिलं. मे महिन्यात मामाच्या घरी लग्न निघालं, पोरांनी बर्फाचे गोळे खाल्ले, आनंदीला सर्दी झाली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या सोमवारी काका ओट्यावर आलेच नाहीत. खोलीचं दार उघडं होतं. आत ते खाटेवर बसले होते आणि हात एकमेकांशी काहीतरी बोलत होते. पंजा पोटावर, गालाखाली, पोटावर. मी दारातूनच मागे फिरले.

सत्यभामाबाई दर महिन्याला तिला बसनं डॉक्टरांकडे आणायच्या. तेल बंद केलं होतं, पण श्रद्धा बंद केली नव्हती. "दारावर तर दारावर," म्हणायच्या, "घराले कळते तरी आपण आलो." जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, उजवा मोकळा, डाव्यात पाणी पातळ झालं आहे, नागपूरची गरज वाटत नाही. जुलैच्या पहिल्या गुरुवारी आरसा वर करून म्हणाले, "पानी गया. हावा आया." मागून कुजबुजत सांगितलेली बाहुली, चमचा, डबी, तिन्ही आनंदीनं उचलली आणि वर म्हणाली, "अजून काही हाय का?" हे वाक्य हुबेहूब सत्यभामाबाईंचं होतं. नाकातून सुरू, शेवटी बादली विहिरीत. तो आवाज माझ्याइतका बरोबर दुसऱ्या कुणी काढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. चार महिने आजीच्या पुढ्यात बसून पोर आजीच्याच आवाजात बोलायला शिकली होती.

काकांनी तोवर मिलची खोली सोडायचं ठरवलं होतं. आमच्या मागच्या गल्लीत फकिरा सुताराची रिकामी खोली त्यांनी घेतली. तिथं धूर पोचत नव्हता. त्यांनी स्वतः चुना मारला, फकिराकडून एक लहान खाट करून घेतली, आणि सत्यभामाबाईंना सांगितलं, रविवारी येतो.

त्या रविवारी आई आणि मीही गेलो. आईला तिथल्या रामाचं दर्शन घ्यायचं होतं आणि मला शाळेचा अभ्यास करायचा नव्हता. काकांनी बसमध्ये तोंड उघडलं नाही, पण गप्प बसले होते असंही म्हणता येणार नाही. ओठ हलत होते. काय बोलायचं ते घोकत असावेत.

सत्यभामाबाईंनी शब्द पाळला होता. ओसरीत गाठोडं बांधून ठेवलं होतं. वर लाडवांचा डबा. त्या स्वतः चुलीपाशी बसून होत्या, आणि आम्ही गेलो तरी उठल्या नाहीत. "नाकातले थेंब बांधले हायत," एवढं म्हणाल्या. "सर्दी झाली की पाठीवर झोपवू नका. अन् ती आता लय प्रश्न विचारते. जवाब द्या. गप नका बसू."

"देईन, मामी."

"मले काय सांगता. तिले सांगा."

आनंदी मागच्या अंगणात होती. पाच-सहा पोरं, जमिनीवर आखलेली घरं, आणि नुसता कालवा. सगळी एकदम बोलत होती. एक मामेभाऊ म्हणत होता रेघेवर पाय पडला, आणि आनंदी कमरेवर हात ठेवून आजीच्या आवाजात त्याला सुनावत होती, "डोये फुटले काय रे तुह्ये? कुठं पडला? दाखव ना, कुठं पडला!" ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. त्या कालव्यातून काकांनी हाक मारली. हात मागे धरलेले. नेहमीच्याच लहानशा आवाजात.

"आनंदी."

ती लगेच वळली. कालव्यातूनही वळली.

"थांबा नं बाबा," ती ओरडली, "माहा डाव हाय!" आणि पुन्हा पाठ करून तिनं खापरी टाकली.

काका थांबले. तिचा डाव झाला. मग दुसऱ्याचा झाला, आणि पुन्हा तिचा आला. मधूनमधून ती वळून त्यांच्याकडे बघायची, ते आहेत ना याची खात्री करून घ्यायची आणि खेळायला लागायची. कोण कुणावर चिडलं, कोण लबाड, कोण भित्रं, सगळं ती ऐकत होती आणि त्याला उलट उत्तरं देत होती. मला ओट्यावरची आनंदी आठवली, सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत चिंचोके मांडणारी. काकांनाही तेच आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

आई हळूच म्हणाली, "भाऊ, चारची बस हाय."

ते ओसरीत परत आले. गाठोड्यापाशी उभे राहिले. चुलीतलं लाकूड सत्यभामाबाईंनी उगीचच मागेपुढे केलं.

"मामी," काका म्हणाले, "गाठोडं सोडा."

सत्यभामाबाईंनी मान वर केली. "काहून? मी शबुद देल्ला होता."

"हौ. तुमी पाळला." ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले, आम्हीही राहिलो. "तिथं माह्याशिवाय कोणी नाही तिले बोलाले. मी दिवसभर मिलमध्ये. इथं पाच जण हायत. आता कुठं शिकून राह्यली. इतक्यात थांबवू नका."

सत्यभामाबाई उठल्या. गाठीपाशी बसल्या, पण त्यांच्या बोटांना ती सुटेना. शेवटी आईनं सोडून दिली. लाडवांचा डबा मात्र त्यांनी काकांच्या हातात कोंबला. "हे तुमीच न्या आता," म्हणाल्या, नाकातून नाही, खालूनही नाही, कुठल्यातरी अशा आवाजात की जो मला अजून काढता आलेला नाही.

आनंदी बसपर्यंत पोचवायला आली, भावंडांसकट. येताना काकांना विचारत होती, बसचं चाक कोण फिरवते, बालाघाटले माकडं हायत का, तुमी रडून राह्यले का. काकांनी सगळ्यांना जवाब दिले. चाक डायवर फिरवते. माकडं हायत, टेसनावर. नाही, धूळ गेली.

बस सुटल्यावर ते खिडकीशी बसून होते. डबा मांडीवर. वारासिवनी गेल्यावर आई म्हणाली, "खोलीचं काय करसान? परत करसान का फकिराले?"

"नाही," काका म्हणाले. "दिवाळीले येईन ती. धूर नसला पायजे."

त्या आठवड्यात त्यांनी मिलच्या आवारातून आपलं सामान हलवलं. ट्रंक, घागर, रुखमाकाकूंचा आरसा. एकाच खेपेत झालं. लहान खाट भिंतीशी उभी करून ठेवली. संध्याकाळी मी वाटीत भाजी घेऊन गेले तर ते दारात बसले होते.

"ये," ते म्हणाले. "आईनं काय पाठवलं?"

"वांगं."

"बरं." वाटी मी त्यांच्या हातात दिली. पण मी गेले नाही, आणि त्यांनीही मान हलवून मला जायला सांगितलं नाही. वाटी आत ठेवून ते पुन्हा दारात बसले आणि म्हणाले, "आज धान लामत्याचं आलतं."